नोंद, दुरुस्ती आणि ताळा: व्यवसायाचा डेटा विश्लेषणायोग्य करण्याची विद्या

दुकानातले बिल गिऱ्हाइकाकडून पैसे घेण्यासाठी फाडले जाते. जीएसटीचे विवरणपत्र कर भरण्यासाठी, गोदामाचे रजिस्टर माल किती उरला हे कळण्यासाठी आणि ट्रान्सपोर्टची पावती माल पोचल्याचा पुरावा म्हणून ठेवतात. या चारही नोंदी एकत्र करून ‘गेल्या सहामाहीत नाशिक भागातली विक्री का घसरली’ असे कुणी विचारील, हे त्या लिहिणाऱ्यांच्या मनातही नसते. डेटा ‘घाण’ असतो असे म्हणतात, पण ती घाण बहुतेक वेळा निष्काळजीपणाची नसते. नोंद एका कामासाठी केलेली असते आणि दुसऱ्याच कामासाठी वापरायची असते. त्या दोन कामांमधले अंतर भरून काढणे म्हणजे डेटाची साफसफाई आणि रूपांतर. पाठ्यपुस्तकांत डेटाला ‘विदा’ म्हणतात, ऑफिसात सगळे ‘डेटा’च म्हणतात.

साफसफाईत नोंदीतली चूक, पुनरावृत्ती, रिकामी जागा आणि विसंगती हेरून त्यांचे काय करायचे ते ठरवतात. रूपांतरात बरोबर असलेल्या नोंदींचीच मांडणी बदलतात. दुसरे काम मराठी व्यापाराला नवे नाही. कीर्दीत व्यवहार तारखेवार उतरत, खतावणीत तेच व्यवहार खातेवार मांडले जात. एकही आकडा न बदलता ‘आज काय झाले’ या प्रश्नाची वही ‘कोणाकडून किती येणे’ या प्रश्नाची वही होई. आजच्या भाषेत हा ‘ग्रुप बाय’च. खतावणी झाली की दिवाणजी ताळा पाहत, म्हणजे दोन्हीकडच्या बेरजा जमतात का ते तपासत. संगणकाच्या शिकवणीत खतावणी टिकली, ताळा मात्र बऱ्याच ठिकाणी गळाला.

शास्त्र म्हणूनही हे काम संगणकाच्या आधीचे आहे. हर्बर्ट रिझ्ले यांनी बंगालमधल्या जातीजमातींची शरीरमापे १८९१ मध्ये प्रसिद्ध केली होती. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ती पुन्हा तपासून त्यांची सुधारित मांडणी १९३३ मध्ये ‘सांख्य’ या नियतकालिकात छापली. परस्परांशी न जुळणारी मापे शोधणे, चूक कुठे शिरली असेल याचा माग काढणे आणि केलेली दुरुस्ती जाहीर सांगणे, हा सगळा क्रम त्यात आहे. वेगवेगळ्या कागदपत्रांतली एकाच माणसाची नोंद जोडण्याच्या कामाला हॅल्बर्ट डन यांनी १९४६ मध्ये नाव दिले, आणि १९६९ मध्ये फेलेगी व सुंटर यांनी त्याला संभाव्यतेचे गणित दिले. एडगर कॉड यांचा संबंधाधारित तक्त्यांवरचा निबंध १९७० चा. एक गोष्ट एकाच जागी लिहावी हा त्यांचा आग्रह आजही रूपांतराचा पाया आहे.

नवशिक्याची पहिली ठेच बहुधा रकान्याच्या प्रकाराला लागते. कांद्याचा एचएसएन कोड, म्हणजे बिलावरचा मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, ०७०३ आहे. एक्सेलला तो आकडा वाटतो आणि तो पुढचे शून्य खाऊन ७०३ ठेवतो. काजूचा ०८०१, केळीचा ०८०३, हळद ज्यात येते तो ०९१० या सगळ्यांची हीच गत होते. शेतमालाच्या व्यापाऱ्याची फाइल पहिल्यांदा उघडतानाच बिघडते, आणि पुढे दरपत्रकाशी जुळवताना नेमका शेतमालच गहाळ दिसतो. शून्याने सुरू होणाऱ्या बँक खात्यांचेही तेच. शिवाय एक्सेल पंधराच अंक सांभाळतो, सोळाव्या अंकापासून पुढे शून्ये भरतो, आणि हे नुकसान फाइल सेव्ह केल्यावर भरून निघत नाही. पिनकोड तेवढा सुरक्षित राहतो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली आणि तिच्यात विभागाचा पहिला अंक १ पासून सुरू होतो, शून्याने होत नाही. नियम सोपा आहे: ज्या आकड्यांची बेरीज करण्यात अर्थ नाही ते आकडे नव्हेत, ती नावे आहेत. ती मजकूर म्हणूनच आत घ्यावीत.

तारखांचा घोळ याहून कपटी, कारण तो निम्माच दिसतो. बिलावर ०३/०४/२०२४ असे आहे. आपल्याकडे ही ३ एप्रिल. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर तो तिला ४ मार्च समजतो, आणि बिल २०२४-२५ मधून उचलून २०२३-२४ या आर्थिक वर्षात टाकतो. त्याच रकान्यातली २५/०४/२०२४ ही तारीख मात्र त्याला कळत नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. ती तो मजकूर म्हणून तशीच सोडतो. एक्सेलमध्ये अशा रकान्याकडे नुसते पाहिले तरी रोग दिसतो: काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या, काही डावीकडे. उजवीकडच्या बरोबर आणि डावीकडच्या चूक असे वाटते. प्रत्यक्षात डावीकडच्या शाबूत असतात आणि उजवीकडच्या गुपचूप बदललेल्या. तारखेच्या जागी ४५३८५ असा आकडा दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. १ जानेवारी १९०० ला १ धरून एक्सेल दिवस मोजतो, आणि त्या मोजणीत ३ एप्रिल २०२४ हा ४५३८५ वा दिवस येतो. (त्या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही आहे. लोटस १-२-३ मधली चूक जुन्या फाइली जुळाव्यात म्हणून एक्सेलने जाणूनबुजून घेतली.) जनुकशास्त्रज्ञांनाही या तारीखवेडाने पिडले. ‘मार्च’ आणि ‘सेप्ट’ने सुरू होणारी जनुकांची संक्षिप्त नावे एक्सेल तारखांत बदलत राहिला आणि शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावे बदलावी लागली.

मराठीत नोंदी असतील तर आणखी एक थर येतो, आणि शिकवणीवर्गांत त्याचा उल्लेखही नसतो. ‘ॲग्रो’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: एकात ‘ॲ’ हे एकच अक्षर असते, दुसऱ्यात ‘अ’वर चंद्र चढवलेला असतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला हे दोन वेगळे शब्द वाटतात. ‘शेतकऱ्यांचा’ मधला अर्धा रफारही असाच. काही कळफलक तो ‘ऱ’ वापरून बनवतात, तर काही ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. युनिकोडचे प्रमाणीकरण चालवले तरी हे दोन रफार एक होत नाहीत. त्यासाठी बदलाचा नियम हाताने लिहावा लागतो. देवनागरी अंकांचेही ठरवून टाकावे लागते, कारण ‘१२’ला काही प्रोग्रॅम आकडा मानतात, काही मजकूर. सर्वांत त्रासदायक म्हणजे युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेल्या जुन्या याद्या. त्यांत देवनागरी नसतेच, रोमन अक्षरांना दिलेला देवनागरी मुखवटा असतो. फॉन्ट काढला की गावांची नावे अगम्य चिन्हे होतात. सहकारी संस्था, पतपेढ्या, ग्रामपंचायती यांच्या सभासद-याद्यांवर काम करणाऱ्याचे पहिले काही दिवस यातच जातात.

पुढचा प्रश्न ओळख पटवण्याचा. ‘मे. गणेश ट्रेडर्स’, ‘गणेश ट्रेडर्स, नाशिक’ आणि ‘श्री गणेश ट्रेडिंग’ ही एकच पार्टी की तीन? अक्षरांमधले अंतर मोजण्याची व्लादिमिर लेवेनश्टाइन यांची रीत १९६५ ची. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरे घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात, ते ती मोजते. उच्चारावरून नावे जुळवणाऱ्या साउंडेक्सचे पेटंट १९१८ चे. ते इंग्रजी नावांसाठी बनले होते आणि रोमन लिपीतल्या मराठी आडनावांवर बेतास बात चालते. या रीती संशयित जोड्या पुढे आणतात. निकाल मात्र व्यवहार जाणणाऱ्यानेच द्यायचा असतो, कारण ‘शिंदे ब्रदर्स’ आणि ‘शिंदे अँड सन्स’ हे वाटण्या झालेले दोन सख्खे भाऊ असू शकतात.

जीएसटी क्रमांकाने हे काम पुष्कळ सोपे केले. पंधरा खुणांपैकी पहिल्या दोन राज्याच्या, महाराष्ट्राच्या २७ आणि गोव्याच्या ३०. पुढच्या दहा म्हणजे पॅन, तेरावी त्या राज्यातली त्याच पॅनवरची कितवी नोंदणी ते सांगते आणि पंधरावी पडताळणीची असते. टायपिंगची चूक झाली तर ती सहसा या पडताळणीच्या खुणेशी जुळत नाही. तरीही प्रश्न पूर्ण सुटत नाही. कोल्हापूर आणि पणजी अशा दोन ठिकाणी दुकान असलेल्या पार्टीचे जीएसटी क्रमांक दोन आणि पॅन एक. तिला एक गिऱ्हाईक मानायचे की दोन? उधारीची मर्यादा ठरवायची असेल तर एक, कारण पैसे एकाच खिशातून येणार. राज्यवार विक्री पाहायची असेल तर दोन. साफसफाईत ‘बरोबर’ उत्तर प्रश्नाशिवाय ठरत नाही, आणि तंत्रावर लिहिलेल्या पुष्कळ पुस्तकांत हेच निसटते. किरकोळ दुकानांत तर हाही आधार नसतो. तिथे मोबाइल नंबरवरून गिऱ्हाईक ओळखतात, आणि अख्खे घर एकाच नंबरवर खरेदी करते. वर्षअखेरीस सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणून ‘कॅश’ या नावाची पार्टी पहिली येते, हा अनुभव या धंद्यात कुणालाच चुकलेला नाही.

रिकाम्या जागेचा अर्थ लावणे हे याहून नाजूक काम आहे. शून्य म्हणजे विक्री झाली नाही; कोरे म्हणजे नोंद आली नाही. दुकान बंद होते, सेल्समन रजेवर होता की सर्व्हर पडला होता, यांतले काय ते फाइल सांगत नाही. डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये गहाळ माहितीची जी वर्गवारी मांडली तिचा गाभा व्यवहारी भाषेत असा: नोंद योगायोगाने हरवली आहे, दुसऱ्या एखाद्या ज्ञात कारणाने हरवली आहे, की नोंदीतला आकडाच तिच्या हरवण्याचे कारण आहे? ज्या महिन्यात टार्गेट हुकते त्याच महिन्याचा रिपोर्ट यायचा राहतो, असे असेल तर रिकाम्या जागी सरासरी भरणे म्हणजे वाईट महिने चांगले करून टाकणे.

टोकाच्या आकड्यांचेही असेच. जॉन टुकी यांच्या १९७७ च्या पुस्तकाने रूढ केलेली रीत मधल्या निम्म्या आकड्यांची रुंदी घेऊन तिच्या दीडपट पलीकडे पडणारे आकडे बाजूला दाखवते. दाखवणे एवढेच तिचे काम आहे, पण नवशिके ते आकडे सरळ खोडतात. बाजारभावाच्या तक्त्यात कांद्याचा भाव सगळीकडे दोन हजारांच्या आसपास आणि एका ओळीत २० असेल, तर कुणीतरी क्विंटलऐवजी किलोचा भाव लिहिला आहे. तो शंभराने गुणायचा, खोडायचा नाही. उलट टंचाईच्या दिवसांत भाव खरोखरच तिप्पट झाला असेल, तर ती ओळ खोडणे म्हणजे वर्षातली सर्वांत महत्त्वाची घटना पुसणे. वाजवीपेक्षा नीटनेटका डेटाही संशयास्पद असतो. जनगणनेत सांगितलेली वये शून्य आणि पाच या अंकांवर गर्दी करतात. लोक अंदाजे वय सांगतात आणि अंदाज गोल आकड्याला धरून असतो. वजनमापाच्या रजिस्टरात सगळे आकडे शून्याने संपत असतील तर काटा वाचला गेला नाही, अंदाज लिहिला गेला, असे समजावे.

रूपांतराकडे वळताना पहिला प्रश्न एकच: तक्त्यातली एक ओळ म्हणजे काय? एक बिल, बिलावरची एक वस्तू, की एका दुकानाचा एक दिवस? हॅडली विकम यांनी २०१४ च्या ‘टायडी डेटा’ या निबंधात प्रत्येक गुणधर्माला एक रकाना आणि प्रत्येक निरीक्षणाला एक ओळ असा संकेत मांडला. माणसांना वाचायला आडवा तक्ता सोयीचा, म्हणजे डावीकडे दुकाने आणि वर एप्रिल ते मार्च. विश्लेषणाला उभा लागतो: दुकान, महिना, विक्री असे तीनच रकाने आणि ओळी भरपूर. आडव्याचा उभा करणे आज एका आज्ञेचे काम आहे. कधी करायचे हे कळणे, तेवढे सवयीने येते.

जोडणीतली चूक मात्र जवळून पाहावी अशी आहे. एक बिल, रक्कम दहा हजार. त्यावर तीन वस्तू: पाच हजार, तीन हजार, दोन हजार. पार्टीने पैसे दोन हप्त्यांत दिले, सहा हजार आणि चार हजार. वस्तूंचा तक्ता आणि वसुलीचा तक्ता बिल नंबरावर जोडला की प्रत्येक वस्तूला प्रत्येक हप्ता चिकटतो आणि सहा ओळी तयार होतात. आता विक्रीची बेरीज वीस हजार आणि वसुलीची तीस हजार येते. संगणक कुठेही चूक दाखवत नाही, कारण त्याने सांगितले तेच केले. वसुली विक्रीच्या दीडपट निघाली म्हणून हे प्रकरण उघडकीला तरी येते. दोन वस्तू आणि दोन हप्ते असते तर दोन्ही बेरजा सारख्याच दुप्पट आल्या असत्या आणि सगळे जमलेले दिसले असते. यावर उपाय जुनाच: जोडण्याआधी दोन्ही तक्ते एका बिलाला एक ओळ अशा पातळीवर आणायचे, आणि जोडल्यावर मूळ बेरजेशी ताळा पाहायचा.

सरासरीही मांडणीवर ठरते. एका बाजारात दहा हजार क्विंटल आवक आणि भाव २,०००, दुसऱ्यात पाचशे क्विंटल आणि भाव ३,००० असे धरले, तर दोन भावांची साधी सरासरी २,५०० येते आणि आवकेचा भार दिल्यावर सुमारे २,०४८. पहिला आकडा कोणत्याच शेतकऱ्याच्या पट्टीवर दिसणार नाही.

काळाबरोबर बदलणाऱ्या नावांसाठी वेगळी व्यवस्था लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. जिल्हावार विक्रीचा आलेख काढला तर त्या महिन्यात ठाण्यात धंदा कोसळल्यासारखा दिसतो. पालघरमध्ये गेलेली वसई-डहाणूची दुकाने मात्र पूर्वीसारखीच चालू असतात. औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावे २०२३ मध्ये, अहमदनगरचे २०२४ मध्ये बदलली. तिथे दोन नावे एका संकेतांकाखाली बांधली की भागते, पण विभाजनात मागचा इतिहासच तालुकावार नव्याने वाटावा लागतो. जुनी माहिती नव्या नावाने पुसायची की दोन्ही कालखंड तारखांसह ठेवायचे, याच्या रीती राल्फ किम्बॉल यांच्या १९९६ च्या डेटा वेअरहाउसवरील पुस्तकापासून रूढ आहेत. सेल्समनचा एरिया बदलतो तेव्हा हाच प्रश्न इन्सेंटिव्हच्या भांडणाच्या रूपाने पुढे येतो.

साधनांबद्दल थोडक्यात. तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा एसक्यूएल, तिचे मूळ १९७४ चे आणि आजही पहिल्यांदा तीच शिकावी. पायथन भाषेतले पांडास हे साधन वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये लिहायला घेतले. ओपनरिफाइन २०१० मध्ये वेगळ्या नावाने आले, आणि नावांच्या जुळवणीसाठी त्याच्याइतके सोपे मोफत साधन क्वचितच सापडेल. एक्सेल २०१६ पासून पॉवर क्वेरी आतच येते. लहान उद्योगातल्या हिशेबनिसाला ही सर्वांत जवळची वाट, कारण दुरुस्तीची प्रत्येक पायरी तिच्यात नोंदली जाते आणि पुढच्या महिन्याच्या फाइलवर तशीच पुन्हा चालते. हाताने केलेल्या दुरुस्तीला हे भाग्य नसते. साधनाची मर्यादा माहीत नसली तर काय होते ते इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०२० मध्ये पाहिले. कोरोनाचे अहवाल जुन्या एक्सेल नमुन्यात ओतले जात होते, त्यात ६५,५३६ ओळीच मावतात. पुढच्या ओळी गळाल्या आणि १५,८४१ रुग्ण आठवडाभराच्या मोजणीतून सुटले. ओळी मोजण्याचा साधा ताळा असता तर हे पहिल्याच दिवशी कळले असते.

शिकवण्याची आजची पद्धत आज्ञांभोवती फिरते. सरावाला टायटॅनिकच्या प्रवाशांची प्रसिद्ध यादी देतात: ८९१ ओळी, त्यांपैकी १७७ वयांच्या जागा कोऱ्या. विद्यार्थी तिथे मध्यक भरतो आणि पुढे जातो. वय का नोंदले गेले नाही, हे विचारायला त्या जहाजावरचा कुणी उरलेला नाही. व्यवसायाच्या डेटात मात्र विचारायला माणूस असतो, बहुधा पलीकडच्याच टेबलावर. त्याच्याकडे जाऊन ‘हा रेट एक रुपया का?’ विचारले की कळते, स्कीममधले फुकट नग बिलात दाखवायचे असतात आणि सॉफ्टवेअर शून्य घेत नाही म्हणून एक टाकतात. हे उत्तर कोणत्याही फॉर्म्युल्यात नाही. म्हणून सरावाला ओळखीच्या दुकानाची, सोसायटीची किंवा दूध संकलन केंद्राची सहा महिन्यांची खरी फाइल घ्यावी, तीही नावे आणि मोबाइल नंबर झाकून, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर गिऱ्हाइकांची यादी सहज इकडून तिकडे पाठवण्याची वस्तू राहिलेली नाही.

अशा सरावात मूळ फाइल कधीच बदलायची नसते. शेजारी एक दुरुस्तीवही ठेवतात: किती ओळी आल्या, किती गेल्या, कोणत्या नियमाने गेल्या, कुणाला विचारून. ‘क्रेडिट नोटा विक्रीतून वजा केल्या’, ‘शाखा-शाखांमधली मालाची बदली विक्री धरली नाही’, ‘३१ मार्चच्या रात्रीची बिले जुन्या वर्षात ठेवली’ अशी वाक्ये त्यात येतात. यातले प्रत्येक वाक्य वर्षाची विक्री वरखाली करते, आणि त्यावर सही खरे तर मालकाची किंवा अकाउंट्स प्रमुखाची हवी. पांडास किंवा एसक्यूएलचा मजकूर हल्ली एआयची भाषा-प्रतिमाने झटक्यात लिहून देतात आणि तो बहुतेकदा चालतोही. वर सांगितलेल्या सहा ओळींच्या जोडणीसारखाच तो चूक न दाखवता चालतो. शेवटची बेरीज छापील विक्री रजिस्टराशी रुपयापर्यंत जुळवायची, आणि जी तफावत राहील ती कोणत्या बिलांची आहे ते नंबरांसह दाखवायचे. नंबर दाखवता आले नाहीत तर फाइल परत पहिल्या पायरीवर जाते.